साळवेकाकांची रायफल

रविवारी सकाळी पोहे खाऊन हात धुतोय न धुतोय तोच आमची बेल वाजायची आणि दारात साळवेकाका उभे असायचे. पांढरा बनियन, खाकी हाफपँट, खांद्यावर जुना टॉवेल. "मी बसतोय," एवढंच म्हणायचे आणि समोरच्या दाराकडे वळायचे. तिथेही तेच. मग काकू यायच्या, हातात गवारीची परडी घेऊन, आणि आमच्या सोफ्यावर मांडी घालून आईला म्हणायच्या, "बसले बाई. काढलं मला घराबाहेर."

काका बसले म्हणजे रायफल साफ करायला बसले. त्या वेळी खोलीत कुणी थांबायचं नाही, काकूंनीसुद्धा नाही, आणि दोन्ही शेजाऱ्यांना आधी सांगायचं हा त्यांचा स्वतःचा नियम. कायद्यात असं काही नव्हतं. कायद्यात जे होतं ते तर ते पाळायचेच, वर स्वतःचं चार बोटं जास्त. नाहूरच्या आमच्या इमारतीतली मंडळी त्यांना मागून 'कलमकाका' म्हणत. तेव्हा आम्हाला ती म्हातारपणाची सवय वाटायची. हा माणूस भीत भीत जगत होता हे फार उशिरा कळलं.

फौजेतून सुटल्यावर त्यांनी परवाना काढून स्वतःची रायफल घेतली आणि मुलुंडच्या एका सिक्युरिटी एजन्सीत गनमन म्हणून लागले. बँकेची रोकड जायची त्या गाडीत मागे बसायचं. ते काम सुटूनही पुष्कळ वर्षं झाली होती, पण रायफल राहिली. तिला कुणी बंदूक म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते गं पोरी. रायफलच्या नळीत पीळ असतात. गोळी फिरत जाते म्हणून सरळ जाते," असं सगळं सांगायचे, आणि ऐकणारा जरा रमला की एकदम गप्प व्हायचे.

पवईच्या ऑफिसात नोकरीला लागले त्या वर्षी मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मला एकदा बघू दिलं. तेही उंबऱ्यात, त्यांच्या पाठीमागे उभी राहून. खाली चटई, चटईवर वर्तमानपत्र. गोळ्या आधीच आतल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद. काकांनी नळीमागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढला, जिथे गोळी बसते तिथे डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं, मग पुन्हा डोळ्यांनी. मी हसून म्हटलं, "काका, रिकामी आहे हो. मागच्या रविवारीही रिकामीच होती."

ते वळले नाहीत. म्हणाले, "हथियार कधी रिकामं नसतं. रिकामं आहे असं धरून चालणारा माणूस तेवढा असतो."

मग बोल्ट काढून बाजूला ठेवला, गजाला चिंधी लावली आणि मागच्या बाजूनं नळीत सारली. पहिली चिंधी करडी निघाली, पुढची कमी, शेवटची स्वच्छ. तेलाचा हात इतका हलका की बोटाला लागावं न लागावं. सगळं झाल्यावर नळी खिडकीकडे धरून मागून आत पाहत राहिले. मला वाटलं, किती अभिमानानं बघतायत. पण चेहरा तसा नव्हता. दवाखान्यात कुणाला बघायला गेलेल्या माणसाचा असतो तसा होता. नंतर दोनदा साबणानं हात धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं डबा भरला. तो डबा परबांचा.

परब म्हणजे मुलुंडला एका सोसायटीच्या फाटकावर बसणारा वॉचमन. कुडाळकडचा, एकटा जीव, बोलायला तिखट. काकांच्या बरोबर एजन्सीत होता एवढंच आम्हाला माहीत. दर रविवारी रायफल साफ झाली की काका डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. परबांच्या डब्यात मटणाचे तुकडे मोजून चांगले पडायचे, आणि तो भरल्याशिवाय काका स्वतः ताटावर बसायचे नाहीत. काकू चिडायच्या. "एवढं तर सख्ख्या भावाला नाही केलं यांनी."

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. इतर लोक नोटीस आली की कुरकुरत जातात. काका निवडणुकीची नुसती कुजबुज ऐकली की निघायचे. हवालदार म्हणायचा, "काका, अजून वरून आदेश आलेला नाही. घेऊन जा घरी." काका पडेल चेहऱ्यानं परत यायचे. रायफल ठाण्यात असायची ते दिवस मात्र ते वेगळेच असत. काकूंना घेऊन भांडुपला बहिणीकडे जायचे, आमच्या आईशी पत्ते खेळायचे, हरले तर चक्क भांडायचे. निकाल लागून रायफल परत आली की पुन्हा तोंड मिटलेलं.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी गळ घातली, काका, वरातीत एक फोटो, नुसती हातात धरतो. काका मांडवातच ओरडले, "फोटोत धरली तरी हातातच धरली ना! परवाना ज्याच्या नावावर, हात त्याचा. सख्ख्या भावाचाही नाही. दोघंही गुन्हेगार होतात, कळतं का?" पोरं बिचारी हिरमुसली. काका त्या दिवशी जेवले नाहीत. एवढ्या तेवढ्यावरून कसला हा राग, असं मी आईला म्हटल्याचं आठवतं.

एकदा मला मुलुंडला काम होतं म्हणून काकांच्या रिक्षात बसले आणि त्यांच्याबरोबर परबांच्या फाटकापर्यंत गेले. परब डबा उघडत होते, तेवढ्यात एक गाडी आली. फाटक उघडायला क्षणभर उशीर झाला. आतल्या माणसानं काच खाली करून आवाज चढवला, "झोपायला ठेवलंय का रे तुला?" परबांनी काठी बगलेत धरून सलाम ठोकला आणि गाडी गेल्यावर माझ्याकडे बघून डोळा मारला, "ह्येंका घरात बायको बोलूक देना नाय, म्हणान हय बोलतत." मला हसू आलं. काकांकडे पाहिलं तर ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी परबांना खुर्चीवर बसवलं, डबा हातात दिला आणि स्वतः फाटकाशी जाऊन उभे राहिले. परब जेवेपर्यंत येईल त्या गाडीला काका फाटक उघडत होते. ताठ, फौजी सलाम करून. परब जेवता जेवता म्हणाले, "ह्यो असोच. ह्येका सांगान काय उपेग नाय."

मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हातही थोडा थरथरू लागला. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली होती. एका संध्याकाळी गॅलरीत मला बोलावून म्हणाले, "नूतनीकरण नको. जमाच करून टाकतो कायमची. तू येशील बरोबर? परबलाही बोलावलंय." मी म्हटलं, येते की, त्यात काय. ते थोडा वेळ कठड्यावर बोटं वाजवत राहिले. "नुसती जमा नाही करायची. साहेबांना एक गोष्ट सांगायची आहे."

आणि त्यांनी मला सांगितलं. एजन्सीच्या गार्डरूममध्ये एका दुपारी काका आपली रायफल साफ करत होते. परब आपली भिंतीला टेकवून चहा आणायला खाली गेले होते. काकांची साफ करून झाली. परबांच्या रायफलीचा बोल्ट घाण दिसत होता, आणि काकांना घाण हत्यार बघवत नसे. "म्हटलं, चला, हिचंही करून टाकू. तेवढीच दोस्ती. विचारलं नाही, उघडून पाहिलं नाही. माझी रिकामी होती म्हणून तीही रिकामी धरली, आणि उचलताना चाप दाबला गेला." गोळी पाण्याचा माठ फोडून भिंतीत गेली. माठाशेजारी कुणी नव्हतं हे नशीब. परब धावत वर आले, काकांच्या हातातून रायफल काढून घेतली आणि म्हणाले, तू भायर जा.

चौकशी झाली तेव्हा परबांनी सांगितलं, माझी रायफल, मीच साफ करत होतो, माझ्याच हातून सुटली. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याचं हत्यार हाताळलं म्हणून काकांचा परवाना गेला असता, हाताळू दिलं म्हणून परबांचाही गेला असता. काकांच्या मुलीचं तेव्हा नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. परबांना कुणी नव्हतं. परबांचा परवाना रद्द झाला, रायफल गेली, गनमनची नोकरी गेली. राहिली ती काठी आणि फाटक.

"आणि मी गप्प बसलो," काका म्हणाले. "पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बोलू. तिचं लग्न होऊ दे, मग बोलू. मग काय, सवय झाली. त्याची रायफल गेली माझ्या हातानं, आणि मी माझी दर रविवारी तेल लावून चकचकीत करतोय. लाज वाटते गं. नळीत बघितलं ना, की तोच दिसतो."

मी म्हटलं, काका, आता या वयात कशाला? तुमच्यावर केस झाली तर? "होऊ दे," ते म्हणाले. "परबनं भोगलं ते काय केसपेक्षा कमी होतं?"

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. रायफल कव्हरमध्ये, बोल्ट वेगळा, गोळ्या वेगळ्या डब्यात. परबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलामागे एक तरुण फौजदार मॅडम होत्या. कागद बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "का जमा करताय काका?"

काका सावधान उभे राहिले. हाताची थरथर मांडीवर दाबून धरली होती. "मॅडम, एक जुनी गोष्ट आहे. मला आधीच सांगायला हवी होती. माझ्या या दोस्ताची रायफल—"

"ह्येका दिसणा नाय मॅडम," परब मध्येच म्हणाले. "मोतीबिंदू. हात बघा कसो हलता. घरात नातवंडा येतत. कित्याक ठेवायची?"

मॅडम हसल्या. "शहाणपणा केलात काका. सगळेच असे असते तर." शिक्का पडला, पावती मिळाली आणि आमच्या मागचा माणूस पुढे आला. काका तोंड उघडं ठेवून तसेच उभे होते. परबांनी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

फूटपाथवर आल्यावर काकांनी हात झिडकारला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पुन्हा केलंस! तेव्हाही तूच बोललास, आजही तूच. मला एकदा तरी खरं बोलू देशील का नाही?"

परब शांतपणे म्हणाले, "त्या बाईक काय सांगतलंस? ती तेव्हा शाळेत असतली. माका सांग."

"तुला काय सांगू? तुला तर सगळं माहीतच आहे."

"माका म्हायत आसा. पण तू कधी सांगलंस? इतकी वर्षा रविवारी येतंस, माका जेवक घालतंस, माझ्या फाटकार उभो रवतंस. एकदा तरी तोंडातना शब्द काढलंस? मी वाट बघी होतंय रे."

रिक्षावाले आमच्याकडे बघत होते. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू आलं एवढ्या आवाजात ते म्हणाले, "माझ्या हातून सुटली, परब. तुला न विचारता उचलली मी. आणि मग गप्प बसलो. माफ कर."

"आणि भरलेली टेकवून चायक गेलंय तो मी," परब म्हणाले. "गोळी माझी, हात तुझो. झाला?" काका तिथेच, ठाण्याच्या कंपाउंडला टेकून, लहान मुलासारखे रडले. परब त्यांच्या शेजारी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. त्यांनी गप्प राहा म्हटलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. रडू दिलं.

तो उन्हाळा दोघांनी मिळून काढला. परब नाहूरला यायचे, काकूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे, आईला पत्त्यांत फसवायचे. काका हसायचे, मोठ्यानं, आणि मला दर वेळी नवल वाटायचं की यांना असं हसता येतं. पावसाळा संपता संपता काका झोपेतच गेले.

स्मशानातून परत येताना परब माझ्याबरोबर चालत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "किती जुनी दोस्ती होती ना तुमची." ते थांबले.

"जुनी खयची गो?" परब म्हणाले. "इतकी वर्षा येय होतो तो माफी मागूक. दोस्त म्हणान इलो तो ह्याच उन्हाळ्यात."