चुकलेल्यांशी बोलणारे निमजे सर

बरोबर उत्तर आलं की निमजे सर तोंड फिरवायचे. शाबासकी नाही, साधी मानही हलवायची नाही. उत्तर चुकलं की मात्र खुर्ची ओढून त्या पोराशेजारी बसायचे आणि अशी गोडीनं चौकशी करायचे, जणू घरी पाहुणा आलाय. नंदनवन वस्तीतल्या आमच्या शाळेत मीही गणितच शिकवते. एकदा न राहवून म्हटलं, "सर, शाबास म्हणायला जीभ झिजते का हो तुमची?"

"ज्याचं बरोबर आलं त्याले माही काय गरज, मॅडम? बोलाचं त चुकलेल्याशी बोलाव."

सर मूळचे उमरेडचे, हातमागाच्या घरातले. म्हणायचे, "धागा तुटला का तिथंच थांबाव. पुढं विणत गेलं का अख्खं लुगडं बिघडते."

संगणकखोलीत मोठा पडदा आला तेव्हा आम्ही बाकीचे आयते व्हिडिओ लावून मोकळे झालो. सरांनी एक अशी साइट शोधली, जिथं आपले प्रश्न टाकता येतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला आपला आवाज जोडता येतो. झालं! माणूस घरी बसून चुकांना आवाज देत सुटला. बरोबर उत्तराला अर्थातच काही नाही. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळ? पोरं हमखास पाच सांगतात. पाच दाबलं की आधी सरांचा खोकला, मागं कुकरची शिट्टी, मग आवाज: "थांब जरा. एकटा नळ चार तासांत भरते ना? मंग दुसरा जोडीले आला त उशीर काहून होऊन राहिला? वाच पुन्हा."

पोट्टे कुठं घसरतात ते या माणसाला आधीच ठाऊक असायचं.

दिवाळीच्या सुट्टीत सर गेले. हृदयविकार. शाळा उघडल्यावर त्यांचा दहावीचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच तासाला कुणाचं तरी उत्तर चुकलं आणि खोलीत सर खोकले. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. मी बंद करायला धावले, तर पोरं म्हणाली, "राहू द्या ना मॅडम." राहू दिलं. मलाही हवाच होता तो आवाज, खोटं कशाला बोलू?

पण पोरं चुकायला लागली. त्यातही रिया, वर्गातली सगळ्यात हुशार. आज पाच तास, उद्या पुन्हा पाच तास. सराव परीक्षेत तर घसरलीच. माझा पारा चढला. "काय गं, डोकं घरी ठेवून येतेस का? बोर्डाची परीक्षा तोंडावर आली!"

ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, बरोबर टाकलं का सर बोलतच नाहीत."

मी वर्गाकडे पाहिलं. एकही मान वर नव्हती. म्हणजे सगळेच! जन्मभर या माणसानं पोरांना चुकांतून बाहेर काढलं आणि आता त्याच्याचसाठी पोरं चुकांत घर करून बसली होती. रियाला इंजिनिअर व्हायचं होतं. मुद्दाम चुकण्याच्या नादात खरा सरावच बुडाला होता आणि तिचं वर्ष माझ्या डोळ्यांदेखत मातीत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांसमोरच मी सरांचे ते आवाज काढून टाकले, एकेक करून. रिया हुंदके देत होती, पण नको म्हणाली नाही.

पोरं आता मनापासून सोडवतात. रियाही सावरली. पण कुणाचं खरंच चुकलं की वर्ग गप्प होतो. कुणी खोडत नाही, कुणी शेजारच्याला विचारत नाही. सरांना खोकून, समजावून, 'वाच पुन्हा' म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ सगळे पडद्याकडे बघत बसतात. मग माना खाली जातात आणि प्रश्न पुन्हा वाचला जातो. तेवढ्या वेळात काही बोलायची माझी अजून हिंमत झालेली नाही.