अक्काच्या दारात लावलेली गाडी

कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची कल्पना माझी. हे आधीच सांगते, कारण घरात अजूनही "तात्यांनी गाडी आणली" असंच म्हणतात आणि तात्या ते खोडून काढत नाहीत.

तात्या म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दोघंही गेल्या वर्ष-दीड वर्षात घरी बसले. आम्ही कळंब्याला राहतो, मी शाहूपुरीत एका ऑफिसात नोकरी करते. आमच्या घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिली. त्यामुळे लाईटबिलापासून दवाखान्याच्या फाईलपर्यंत प्रत्येक कागद माझ्या हातातून जातो, आणि प्रत्येक कागदाची काळजी मलाच लागते. तात्यांना गावांच्या पाट्या वाचता येतात, सही करता येते. आईला तेही नाही.

निवृत्त झाल्यावर आईने एकच गोष्ट मागितली. "अक्काकडं जाऊन येऊया." अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. चंदगडच्या अलीकडे एका वाडीवर राहते, काजूची बाग आहे. चार वर्षं आई तिच्याकडे गेली नव्हती. दर यात्रेला निरोप यायचा आणि दर यात्रेला आई काहीतरी कारण सांगायची. शेवटच्या फोनवर अक्का म्हणाली होती, "शहराचं पानी लागलं तुला सुशे. आता न्हाय बोलवत." आणि खरंच तिने बोलवायचं बंद केलं.

खरं कारण मला माहीत होतं. आईला खाली बसता येत नाही, गुडघे गेलेत. आणि त्याहून अवघड म्हणजे तिचा लघवीवर ताबा राहत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं मीच तिला वाचून दाखवलं होतं. त्याच दिवशी तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "अक्काला सांगायचं न्हाय. तिच्या घरात गादी भिजली तर मी मरंन." मी शपथ घेतली. तात्यांनाही बजावलं.

मग मोबाईलवर ही गाडी दिसली. मोठ्या टेंपोत दोन बिछाने, गॅसची शेगडी, छोटं बेसिन आणि मागे पडद्याऐवजी पक्कं दार असलेला कमोड. मला वाटलं, सुटलं सगळं. आपलं अंथरूण, आपला संडास, कुणाला त्रास नाही, कुणाला काही सांगायलाही नको.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडं: भाडं दिवसाला साडेपाच हजार, डिझेल आपलं. अनामत वेगळी. चालवायला साधं लायसन चालतं, पण गाडी लांब आहे, वळणावर मागचा भाग फिरायला जागा लागते. पाण्याची टाकी दोन दिवस पुरते. कमोडखालचा डबा रोज सकाळी रिकामा करावा लागतो. आम्ही पेट्रोल पंपावर आधी विचारून करायचो. पहिल्या दिवशी मला विचारायची लाज वाटली, मग तात्यांनीच विचारलं.

येतोय एवढं तात्यांनी अक्काला महिनाभर आधी फोनवर कळवलं होतं, गाडीचं बोलले नव्हते. मार्चच्या सुरुवातीला निघालो. हायवेने कागल, निपाणी, संकेश्वर आणि आत गडहिंग्लज. उसाच्या ट्रॉल्या अजून सुरू होत्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, त्यामुळे संकेश्वरनंतर घाई करू नका. तात्या स्टेअरिंगवर इतके खूश होते, की निपाणीपर्यंत त्यांनी चहाचं नावही काढलं नाही. आई मागे बिछान्यावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "एवढं निवांत मी माझ्या लग्नातबी बसले न्हवते."

गडहिंग्लजला तात्यांचे जुने सोबती मारुतीकाका. त्यांनीही टँकरच चालवला. गाडी दारात थांबल्याबरोबर शेजारच्या एक आजी बाही वर करून आल्या.

"बीपी बघताय न्हवं?"

"फिरता दवाखाना न्हाय ओ आजी," काका ओरडले, "पावणं हाईत माझं! घर पाठीवर घेऊन फिरत्यात, गोगलगाईगत."

सगळे हसले. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा होता, आईसाठी वेगळी डाळ. पण संध्याकाळी आम्ही गाडीतच झोपणार हे कळल्यावर काकांचा आवाज चढला. "मर्दा, वर खोलीत गाद्या घातल्यात, आनि तू डब्यात झोपनार? पस्तीस वर्सं टँकरच्या केबिनमधी झोपलास ते पोट भरलं न्हाय व्हय?" काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की, त्यांची हौस हाय." आणि विषय संपला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मात्र वहीत लिहिलं, 'गडहिंग्लज: काही अडचण नाही.'

दुसऱ्या दिवशी नेसरीवरून चंदगडकडे. नेसरीच्या पुढे रस्ता सुंदर आहे. माती लाल होत जाते, दोन्ही बाजूंना काजू, झाडांवर पहिली पिवळी-तांबडी बोंडं. वाडीकडे वळणारा रस्ता अरुंद. समोरून एसटी आली तेव्हा तात्यांनी दोनशे फूट गाडी मागे घेतली, एकदाही खिडकीबाहेर न डोकावता, नुसत्या आरशात बघून. एसटीच्या ड्रायव्हरने हात जोडले.

अक्का दारात उभी होती. भाकरतुकडा आणि पाणी घेऊन. तिने आईवरून ओवाळून टाकलं, पायावर पाणी घातलं, आणि दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. मला वाटलं, झालं. आलो ते काम झालं.

मग अक्काने गाडीकडे बघितलं. "कुनाची?"

तात्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी दार उघडून तिला पायरीवर चढवलं आणि नवी बैलजोडी दाखवावी तसं एकेक दाखवायला लागले. "ह्यो बिछाना. ही शेगडी. हितं पानी. आन ह्ये बघा अक्का, संडाससुदिक आतच! तुमाला कसलाच तरास न्हाय."

अक्काने त्या दारातून आत बघितलं. खूप वेळ बघितलं. "बरं केलासा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. "अक्का, भन घर घिऊनच आली म्हनायची. तुमच्यात जागा न्हाय व्हय?"

"हाय की," अक्का म्हणाली. "जागा लई हाय. मानसंच मोठी झाली."

आई म्हणाली, "तसं न्हवं गं. तुझी धावपळ नको म्हनून."

"माझी धावपळ?" अक्काचा आवाज अगदी सपाट होता. "चार वर्सांनं भन येती, तिच्यासाठी धावपळ करू नको म्हंतीस. बरं. न्हाय करत."

तिने जेवण केलं होतं. ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी, नाचणीचे पापड. पण आम्हाला आत बोलावलं नाही. ताटं वाढून गाडीशी आणून दिली. "तुमचं घर हितं हाय म्हंजे जेवान हितंच." एकेका माणसासाठी एकेक खेप. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस रुपे. तू शिकलेली हाईस, सांडशील." काजूगर इतके कोवळे होते की दाताखाली कळत नव्हते. आईने दोन घास खाल्ले. तात्या मात्र भरपूर जेवले, कारण उरवलं तर अजून राग येईल असं त्यांना वाटलं.

सकाळी मी अंघोळीला अक्काच्या घरामागच्या परड्यात गेले. गाडीतल्या पाण्याने तीन अंघोळी होत नाहीत. न्हाणीला लागून एक नवी खोली होती, निळा पत्र्याचा दरवाजा, चुना अजून पांढराफेक. मला वाटलं हीच न्हाणी. मी दार उघडलं.

आत कमोड होता. कोरा. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. शेजारी भिंतीत डाव्या हाताला लोखंडी नळीची आडवी दांडी घट्ट बसवलेली. खाली जमिनीला खरबरीत फरशा, पाय घसरू नये म्हणून.

मागे अक्का बंब पेटवत होती. तिने बघितलं की मी बघितलं.

"तात्या फोनवर म्हनला, हिला खाली बसवत न्हाय," ती म्हणाली. "महिनाभर गवंड्याच्या मागं लागले. त्यो म्हनला दांडी उजव्या बाजूला लावतो. म्या म्हनलं न्हाय. बारकी असताना काजूच्या झाडावरनं पडलती, उजवा खांदा उतरलाता तिचा. अजून जोर लावता येत नसंल. डावीकडंच लाव."

मला आईचा तो खांदा माहीत होता. त्याचं कारण मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, आईला सांगते मी. आत्ता."

"न्हाय सांगायचं." तिने राखेचा हात माझ्या हातावर ठेवला. "माझी आन हाय तुला. ती आपला संडास संगं घिऊन आली, आनि मी माझा दावू? भीक मागितल्यागत? आपसूक घरात आली असती तर दिसला असता."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आईने गाडी मोठेपणासाठी आणली नाही, तिला गादी भिजायची भीती वाटते, एवढी दोन वाक्यं. माझ्या तोंडापर्यंत आली होती. पण आईच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात मला दिसत होता. मी म्हणाले, "चांगलं झालंय, मावशी." ती परत बंबात लाकूड सारायला लागली.

निघताना तिने आईची ओटी भरली. घरात, देवासमोर, पाटावर बसवून भरायची ती. आई उंबऱ्याकडे निघाली तर अक्का म्हणाली, "गुडघ्यांना तरास कशाला? तुमची पायरी हाय की." आणि गाडीच्या लोखंडी पायरीवर बसवून तिने नारळ, तांदूळ, खण आईच्या पदरात घातले. शेजारीण बघत होतीच. आई खाली बघत राहिली. तांदळाचे दाणे पायरीच्या जाळीतून मातीत पडले, ते कुणी उचलले नाहीत.

नेसरीला चहाला थांबलो तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी आईला सगळं सांगितलं. निळा दरवाजा, प्लास्टिक, दांडी. खांद्याचंही.

तात्यांनी चहा अर्धा टाकला आणि किल्ली हातात घेतली. "फिरवू गाडी?"

आईने पदराने तोंड पुसलं. "कुठल्या तोंडानं? संडास हाय म्हनून परत आली म्हनंल."

"म्हनंना का!"

"तुमाला कळायचं न्हाय. चला घरला."

तात्या माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी ठरवावं म्हणून. घरातलं सगळं मीच ठरवते ना. मी चहाचे पैसे द्यायला उठले.

गाडी परत करताना मालकाने एक कागद भरून घेतला: कुठे ओरखडा, कुठे डाग. मी प्रत्येक कोपरा दोनदा तपासला. कुठेही काही नव्हतं. आईचा बिछाना तिन्ही दिवस कोरडा राहिला होता.

कुणी आईवडिलांना घेऊन अशा प्रवासाला निघणार असेल तर गाडी चांगली आहे, रस्ता चांगला आहे, मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. पण नातेवाइकांच्या दारात लावणार असाल तर आधी फोन करा आणि का आणतोय ते खरं सांगा. अवघड असलं तरी सांगा. आपल्याकडे पाहुण्याने त्रास द्यायचा असतो. त्रास दिला नाही तर ज्याच्याकडे गेलो त्याला आपण काही दिलंच नाही, असं होतं. हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं, आणि मारुतीकाकांना, अक्काला ते न वाचताच माहीत होतं.

पंधरा दिवसांनी मी अक्काला फोन केला. पावसापाण्याचं, बोंडांचं बोलून झालं. मग मी विचारलं, "ती नवी खोली?"

"पोती ठेवलीत काजूची," ती म्हणाली. "कोरडी हाय, बरी पडती." आणि रेंज गेली, किंवा तिने ठेवला.

मी एक शपथ मोडली आणि एक पाळली. उलटं करायला हवं होतं. अक्काची पाळून आईची मोडली असती तर त्या सकाळी आई त्या घरात असती.

हे लिहू का, म्हणून परवा आईला विचारलं. नावं बदलते, वाडीचं नाव घालत नाही, असंही सांगितलं. ती लसूण सोलत होती. "लिही," म्हणाली. "अक्काला कुठं वाचता येतंय." थोड्या वेळाने तिने डावा हात पुढे करून हवेतच काहीतरी धरल्यासारखी मूठ वळली, उठायला जोर लावावा तशी.

"एवढ्या उंचीला हाय का गं ती दांडी?"

मी म्हणाले, "हो, तेवढ्याच."

तिने हात खाली घेतला आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.