जगनशेठने खणलेलं बीळ

जमीन गेली, पैसा आला आणि गावाने जगनचा जगनशेठ करून टाकला. शेठ आता खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सहा महिने झाले, तरी पहाटे झोपेतच जुन्या घराच्या मागच्या दाराच्या अंगाला चालू लागतात आणि भिंतीवर गुडघा आपटून घेतात. ही बातमी बायकोनेच, मालूने, अख्ख्या बिल्डिंगभर केलीय.

तर या शेठचा जीव अडकला होता एका कोळ्यात. तळहाताएवढी, केसाळ मादी; शिकलेले लोक टॅरँटुला म्हणतात. विकलेल्या शेताच्या बांधात दहा वर्षं तिचं एकच बीळ. तोंडाशी रेशमी धागे पसरलेले. किड्याचा पाय लागला की झडप. दिवेलागणीला हातभर बाहेर यायची, तेवढंच तिचं जग. भटके ते नर. पावसाळ्याच्या सुमाराला कुठूनकुठून येऊन दाराशी टकटक करायचे. मनात असलं तर ही भेटायची, नसलं तर खायची. मालूला तिच्यात सासूबाई दिसायच्या.

सोमवारी तिथे गोदामासाठी भराव पडणार होता. रविवारी दुपारी जगनने पन्नास पावलांवर, भरावाची हद्द दाखवणाऱ्या चुन्याच्या खुणेपलीकडे, काठीने नवं बीळ खणलं. तसंच तिरकं, तसंच खोल. संध्याकाळी ती बिळाच्या पूर्वेला हातभर आली, तशी अलगद बादलीत घेतली आणि नव्या दारात नेऊन सोडली.

तिने त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पश्चिमेला हातभर चालली, थांबली आणि मोकळ्या मातीवर गोल गोल फिरायला लागली. जगनने उचलून आत ढकलली. बाहेर येऊन पुन्हा तेच. घर तिला पायांनी पाठ होतं. जितकी पावलं गेली, तितकी परत. बादलीतली पन्नास पावलं ती चाललीच नव्हती.

“सोडा आता. फ्लॅट नाय आवडला तिला,” बरोबर आलेली मालू म्हणाली.

जगन हसला नाही. “परत नेऊन ठेवू का गं, तिच्या बिलात?”

“आन् सकाली डंपर येतील तवा?”

मालूने मागे बोट केलं. रस्त्याकडेला डंपर आधीच रांगेला लागले होते.

जगनने बादली उचलली, खाली ठेवली. कोळ्याच्या फेऱ्यांचा घेर वाढत चालला होता. आपला पाय आड यायला नको म्हणून जगन दर फेरीला एकेक पाऊल मागे सरत राहिला.