एकशेवीस-ऐंशी

फटफटी हे नाव तिला मीच ठेवलं. बोटं की-बोर्डवर पडली की थांबायचं नाव नाही. बारावीनंतर दोन वर्षं घरी बसलेली पोर. माझ्या वर्गाला यायचं म्हणाली, तेव्हा तिचा काका म्हणाला, "कॉम्प्युटर शिकून काय दिवे लावणार?" तिची आई कपडे शिवायची. शिलाई मशीनवरून मान न उचलता तिने ऐकवलं, "लावेल नाहीतर विझवेल. पण जाईल."

आमच्या वर्गात सकाळी नर्सबाई वजन घ्यायला, रक्तदाब मोजायला शिकवायच्या, दुपारी मी कॉम्प्युटर. मग पोरं घरोघर जाऊन मोजत आणि आकडे वरच्या कार्यालयाला पाठवत. तीन महिन्यांत फटफटीने अकरा जणांचा वाढलेला रक्तदाब पकडला. त्यांना गोळ्या सुरू झाल्या. गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचं. मला मात्र वाटायचं, ही खरंच काहीतरी होईल.

मग रक्तदाबाच्या मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा फाटला. मशीन एकच.

"सर, मोजलंच नाही तर काय भरू?"

मी पडलो शहाणा. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही, आणि फॉर्म गेले नाहीत तर वर्ग बंद. म्हणालो, "सगळ्यांना एकशेवीस-ऐंशी टाक. पट्टा आला की खरं भरू."

"आईलापण? तिचं डोकं दुखतंय हल्ली."

"दिवसभर मान खाली घालून शिवते, दुखणारच. टाक."

नवा पट्टा मागायला वरच्या कार्यालयात फोन केला, तर तिथले साहेब म्हणाले, "तुमची मापं रोज येतायत, तीही उत्तम. पट्टा फाटलाय तर मोजता कशाने?" आणखी बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी फोन ठेवला. सात आठवडे गाव कागदावर ठणठणीत होतं.

आठव्या आठवड्यात फटफटीची आई शिवता शिवता कलंडली. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपी आधीपासून होतं का?" फटफटीने मोबाईलवर नोंद उघडून दाखवली.

"हे तर नॉर्मल आहे."

"ते मी भरलंय," ती म्हणाली. "मोजलं नव्हतं."

माझं नाव तिने घेतलं नाही. मी दारातच उभा होतो. मीही घेतलं नाही. त्याची लाज वाटते, पण तेव्हा तोंड उघडलं नाही ते नाहीच.

आई वाचली, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वर्ग अजून चालू आहे. फटफटी येत नाही. आईला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, त्यात तिचा दिवस जातो.

महिन्याभराने धीर करून त्यांच्या घरी गेलो. खाटेजवळ बसून आईला म्हणालो, "ताई, चूक माझी होती. मीच तिला तसं भरायला सांगितलं." आई माझ्याकडे नुसती बघत राहिली.

फटफटीने वाटी खाली ठेवली. "तिला आता काही समजत नाही, सर," ती म्हणाली. "हे डॉक्टरांसमोर बोलायचं होतंत."