पिशवीत काय आहे?

“पिशवीत काय आहे?” मॅडम हे कुणालाही विचारायच्या. नाव, गाव नंतर. आधी पिशवी.

शहराचा आराखडा करणाऱ्या कार्यालयात मी मॅडमच्या हाताखाली शिकाऊ म्हणून गेले, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. आमच्या घरात कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. डिग्री, विषय, मार्क सगळं पाठ करून गेले होते. पिशवीचं काही ठरवलं नव्हतं.

“आईच्या चपला,” मी हळूच म्हटलं. “शिवायच्या आहेत. आमच्याकडे कुणी शिवणारं नाही.”

मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, “कुठलं गाव?”

“पावसच्या पुढे.”

“म्हणजे चपला शिवायलाही एसटी लागते,” त्या म्हणाल्या आणि बसायला खुर्ची दिली.

तेव्हा एक योजना चालू होती. बाजारातली गर्दी कमी व्हावी म्हणून खेड्यांतून येणाऱ्या एसट्या शहराबाहेरच्या नव्या थांब्यावर थांबवायच्या. पुढे लोकांनी शहरबस पकडायची. नकाशावर ते फार सुबक दिसायचं. त्यात माझ्या गावची गाडीही होती, पण कार्यालयाच्या मुख्य साहेबांसमोर ते बोलायचं मला धाडस झालं नाही.

मॅडम मला घेऊन बाजारातल्या थांब्यावर उभ्या राहू लागल्या. गावाकडून येणाऱ्या पिशव्यांत कोकम, केळफूल, लेकीसाठी फणसाचे गरे. परत जाताना औषधं, पंपाचा वॉशर, वाढदिवसाचा केक. केकवाले काका तो मांडीवर घेऊन पूर्णगडापर्यंत श्वास रोखून बसणार होते.

तुम्हीही कधी तिथे उभे राहिला असाल. आपण गाडीची पाटी वाचतो. मॅडम माणसांचे हात बघायच्या.

पूर्णगडहून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, विकायला येणाऱ्या एक मावशी मात्र भडकल्या. “काय गो बाय, जप्ती आणलीस काय?”

“नाही हो मावशी. ही तिसऱ्यांची पाटी डोक्यावर कोण चढवतं, तेवढं सांगा.”

“घरी घोव. इथं ही फुलवाली हात लावते.”

“आणि नव्या थांब्यावर?”

मावशींनी फुलवालीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “थय कोण हाय माझा?”

नवा थांबा आठवडाभर चालवून बघायचा ठरला, तेव्हा मॅडम साहेबांना सकाळीच तिथे घेऊन गेल्या. एसटी आली. कंडक्टरने मावशींची पाटी खाली ठेवली, घंटी दिली, गाडी वळली. रस्त्यापलीकडे शहरबस उभी होती. मावशींनी चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि इकडेतिकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टातले साहेब सर्वांत जवळ होते.

“ओ दादा, हात लावा.”

साहेबांनी हात लावला. पाटी वर गेली आणि तिसऱ्यांचं पाणी थेट त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरलं. तेवढ्यात शहरबस सुटली.

“आता ही उतरवाया पण हात लावा,” मावशी म्हणाल्या. “दुसरी येईस्तोवर काय डोक्यावर धरून उभी ऱ्हाऊ?”

परतताना साहेब बराच वेळ रुमालाने बाही टिपत होते. शेवटी म्हणाले, “सकाळच्या गाड्या येऊ देत बाजारापर्यंत.”

“आणि संध्याकाळच्या?”

“तेव्हा पाटी रिकामी असते ना?”

“पिशव्या भरलेल्या असतात, सर.”

साहेब हसले. “बरं. त्याही.”

आराखड्यात बाजाराचा थांबा राहिला. त्याचं छोटं वर्तुळ मॅडमनी मला काढायला दिलं. ते थोडं वाकडं आलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या.

पुढे त्यांची बदली झाली, खूप लांब. निघताना त्या थांब्यावर आल्या, तर मावशींनी आधी त्यांची पिशवी उघडली. “रिकामीच की गो! अशी जातेस?” आणि तिसऱ्यांची पुडी आत टाकली.

“मावशी, तिथवर टिकायच्या नाहीत.”

“मग शिजवून खा नि उद्या जा.”

मॅडम खरंच एक दिवस थांबल्या.

आता मी संध्याकाळच्या गाडीने एकटीच घरी जाते. अनोळखी माणसाशी बोलायला मला अजून जड जातं. परवा शेजारी एक आजोबा पिशवी पोटाशी धरून बसले होते. शहर मागे पडेपर्यंत मी नुसती बघत राहिले. मग विचारलं, “आजोबा, पिशवीत काय आहे?”

पावस येईपर्यंत ते सांगत होते.