आधी चिरक, मग डबा

माझ्या गावी, निपाणीच्या बाजूला, पाखरांकडे बघायचं ते हाकलण्यासाठी. ज्वारी हुरड्यात आली की वडील माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे आणि मी शाळेला जायच्या आधी बांधावर थाळी बडवायचो. पुढे घरातला पहिला पदवीधर झालो, बंगळूरला नोकरी लागली आणि मी दुर्बीण घेतली. आईला फोनवर सांगितलं, रविवारी पक्षी बघायला जातो.

"पेट्रोल जाळून?" ती म्हणाली. "आपल्या शेतात फुकट येत्यात की!"

तिचं बरोबर आहे. पण काही राखायचं नाही, कुणाला हाकलायचं नाही, नुसतं बघत बसायचं, अशी सकाळ आपल्या वाट्याला येते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

माझी बायको चामराजपेटची. तिच्या घरचे लोक कित्येक पिढ्यांपासून इथलेच, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं आहे. तिला नाद जिओकॅशिंगचा. कुणीतरी एक छोटा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या कागदाच्या सुरळीवर सही करायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. बक्षीस काही नाही. मान एकच: नव्या डब्यातल्या कोऱ्या कागदावर पहिली सही.

तो मान तिला कधीच मिळाला नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले एक अंकल दरवेळी तिच्या आधी पोचायचे. एकदा तर आम्ही डबा उघडला तेव्हा त्यांच्या सहीची शाई बोटाला लागली होती.

आमच्याकडे स्कूटर एक आणि सुट्टीही एकच. म्हणून लग्नानंतर आम्ही तह केला. डबा निवडायचा तिने, पण तो तळ्याजवळ नाहीतर माळावर असला पाहिजे, म्हणजे माझे पक्षीही होतात. एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन किणकिणला. देवनहळ्ळीजवळ नवा डबा. रविवारी उजाडायच्या आत बनशंकरीतल्या घरून निघालो. वाटेत मी खंड्या दिसला म्हणून स्कूटर हळू केली, तर पाठीत बोट टोचलं.

"अहो, खंड्या परत येताना पण असतोय. अंकल थांबत नाहीत."

जागा गावाबाहेर होती. शेतं जाऊन तिथे लेआउट पडलेलं. दिव्यांचे खांब उभे, घर एकही नाही. कडेला जुन्या मळ्याची दगडी कुंपणभिंत तेवढी उरली होती. अ‍ॅपवरची खूण सांगत होती: छातीच्या उंचीवर, दगडांच्या फटीत. आसपास चिटपाखरू नव्हतं, म्हणजे माणसांपैकी. बायकोने बाह्या सरसावल्या आणि एकेक फट चाचपायला सुरुवात केली.

तेवढ्यात मला चिरक दिसली. मादी, तपकिरी, शेपूट उभारलेली. भिंतीवर इकडून तिकडे उड्या मारत होती आणि चोचीत अळी होती. खात मात्र नव्हती.

आमच्या शाळेच्या भिंतीतही चिरक घरटं करायची. तिसरीच्या बाई आम्हाला सांगायच्या, तिच्या चोचीत घास असला की समजायचं पिल्लं आहेत, आणि आपण हलल्याशिवाय ती आत जाणार नाही. त्या दिवसांत आमची खो-खोची पाटी त्या बाईंनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली होती. मला आज जे थोडंफार कळतं, ते अशाच माणसांमुळे.

"अगं, मागे ये," मी म्हणालो.

"सापडेलच आता हो. स्वल्प थांबा."

"घरटं आहे यातल्याच कुठल्यातरी फटीत. पिल्लं उपाशी आहेत."

तिने चिरकीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. लांबवर धूळ उडवत अंकलची पांढरी गाडी येत होती. तिचा चेहरा मला बघवेना. मी आणखी काही बोललो असतो तर ती थांबली नसती असं मला वाटतं.

"सरी, बरं," ती म्हणाली आणि भिंत सोडून करंजाच्या झाडाखाली येऊन बसली.

अंकल टोपी सावरत उतरले. "सापडला?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही. आणि तुम्हीपण शोधायचा नाही. तिथे पिल्लं आहेत."

"मॅडम, हा नवा डाव आहे का? मी येताना दिसलो की पिल्लं?"

"डाव असता तर मी सही करून डोसा खात बसले नसते?"

तिने माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात कोंबली. आम्ही तिघं करंजाखाली बसून राहिलो. थोड्या वेळाने चिरकीने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि पटकन एका फटीत शिरली.

"अय्यो!" अंकल कुजबुजले. "केवढ्या चोची वासल्यात! आणि त्यांच्या मागे ते हिरवं काय आहे?"

ते हिरवं म्हणजे डबा. लपवणाऱ्याने तो ठेवला तेव्हा फट रिकामी असणार. अ‍ॅपवर मंजुरी येईपर्यंत महिना गेला, तेवढ्यात चिरकीने त्याच्यापुढेच संसार थाटला होता.

"दिसला म्हणजे सापडला, असं धरता येईल का?" अंकलनी आशेने विचारलं.

"सही नाही तर काही नाही," बायको म्हणाली. हा नियम अंकलनीच तिला कधीतरी ऐकवला होता.

शेवटी अंकलनीच डबा लपवणाऱ्याला निरोप धाडला. त्याने माफी मागून डबा लगेच अ‍ॅपवर तात्पुरता बंद ठेवला. आम्ही आणलेले डोसे चटणीपुडीबरोबर तिघांत खाल्ले. अंकलना दुर्बीण परत द्यायची आठवण करून द्यावी लागली.

पिल्लं उडाल्यावर डबा पुन्हा खुला झाला. शुक्रवारी निरोप आला तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात होतो. अंकल निवृत्त. बायकोने रात्री भाजी परतताना स्वतःच सांगून टाकलं, "सोडा तो. गेला." रविवारी तरी आम्ही गेलोच, निदान माळावरचे चंडोल बघू म्हणून.

करंजाखाली पांढरी गाडी उभी होती. टोपी होती, आणि नवीकोरी दुर्बीणही. अंकल भिंतीकडे डोळे लावून बसले होते.

"झाली सही?" बायकोने विचारलं.

"कुठली! काल येऊन बघत बसलो, आज पण कधीचा बसलोय. कोणी आत जात नाही. पण या चिरकी परत तिथेच अंडी घालतात असं वाचलं. मला काही खात्री वाटेना." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा सर."

मी पुढे जाऊन फटीत डोकावलो. घरटं सुकलेलं, विस्कटलेलं. दूर एका खांबावर नर शेपूट हलवत गात होता, त्याचं भिंतीकडे लक्षही नव्हतं.

"रिकामं आहे," मी म्हणालो.

अंकल उठायला लागले, पण त्यांचा पाय बसून बसून बधीर झाला होता. बायको भिंतीपाशी पोचलीसुद्धा. तिने अलगद हात घालून डबा काढला, पिसं फुंकली, सुरळी उलगडली. कागद कोरा होता. तिने पर्समध्ये चाचपलं, माझ्याकडे पाहिलं. पेन दोघांकडेही नव्हतं.

अंकल लंगडत आले आणि खिशातलं पेन पुढे केलं. "घ्या. लवकर करा, माझं मन बदलायच्या आत."

तिने पहिल्या ओळीवर सही केली, सावकाश, शाळेत पाटीवर नाव गिरवतात तशी. मग अंकलनी तिच्याखाली केली आणि कागद लांब धरून पाहिला.

"दुसरा नंबर," ते म्हणाले. "कसा दिसतो ते आजच कळलं. डोसे आहेत का?"