खोडकाढ्यांची बिनखोड गिटार

गिटार दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं गल्लीत आडनावच खोडकाढे पडलं होतं. दुकानात कुणी नवीकोरी गिटार आणली की हा आधी तोंड वाकडं करणार. पेटीची कड धारदार, हात टेकला की वळ उठायचा. वायर खोचायची जागा नेमकी बुडाशी, वायरीवर कुणाचा पाय पडला की लाकूड फुटलंच. मान सरसाने चिकटवलेली, ती जरा कलली तरी वाफ देऊन सगळी उखडायची. "इतकी वर्षं झाली, कुणाला हे सुचत नाही?" असं म्हणत तो गिऱ्हाइकाकडे बघायचा, जणू त्यानेच ती बनवली होती. लोक मागे म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणायचा, "अहो, कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं!" आणि बहुतेक वेळा ते असायचंही.

त्याची बायको घरी मुलांना गिटार शिकवायची. ती वाजवायला बसली की हा हातातला रंधा खाली ठेवायचा. मग तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी औषधं दिली, पण गुण येईना, आणि शिकवण्या एकेक करून सुटल्या. ह्याने मात्र दोष कुणाचा ते ठरवूनच टाकलं होतं. "तारा केवढ्या उंच! आणि एवढी जाड मान रेड्याला शोभते. धडधाकट बोटांचाही जीव जाईल."

त्याने तिच्यासाठी नवी गिटार करायला घेतली. दुकानातली कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं बोंबलून गेली. त्याने कड उतरती केली, मान बारीक केली आणि ती स्क्रूने जोडली. तारा इतक्या खाली घेतल्या की त्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे पडद्यांना, घासून झणझणायला लागल्या. मग एकेक पडदा कानसून तेही घालवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गिटारींत काढलेली एकही खोड त्याने हिच्यात राहू दिली नाही.

संध्याकाळी त्याने ती बायकोच्या मांडीवर ठेवली. तिचा पहिला सूर लागला, दुसरा नुसताच थपकला. तिने बघत बघत बोटं पुन्हा तारांवर ठेवली. पुन्हा तेच झालं.

"अजून उंच आहेत का तारा? दे, आणखी खाली घेतो."

"नका हो."

"मग मान जाड वाटते?"

"नाही, फार सुरेख झालीय. मला बोटांखाली तारच कळत नाही हो. बघितलं नाही तर बोट कुठे आहे तेही कळत नाही."

तो गिटार उलटसुलट करून बघत राहिला. एखादी चूक सापडली असती तर त्याला केवढा आनंद झाला असता. सापडली नाही.

जी गिटार वाजायची नाही तिच्या तारा सैल करून ठेवतात, नाहीतर ताणाने मान वाकते. हे तो गिऱ्हाइकांना दरडावून सांगायचा, आणि बायकोलाही ते ठाऊक होतं.

"तारा सैल करून ठेवा," ती म्हणाली. "चांगली वस्तू आहे, उगाच खराब नको व्हायला."

त्याने खुंटीला हात लावला, पण त्याच्याच्याने ती फिरवेना. "उद्या करतो," तो म्हणाला.

"उद्या नको, आत्ताच करा. नाहीतर सकाळी मी पुन्हा वाजवून बघेन."